फायर सायडर: लसणाच्या पाकळ्या निळ्या पडल्या आहेत, बरणी ठेवावी की टाकावी?

बर्फातली बाभूळ (९ नोव्हेंबर)

आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात राहतो. ऑक्टोबर संपत आला की येथील शेतकरी बाजारात हॉर्सरॅडिश या मोहरीच्या कुळातील झणझणीत वनस्पतीची मातकट, वेडीवाकडी मुळे येऊ लागतात आणि मुळे विकणारा प्रत्येक जण गिऱ्हाइकाला आपापली फायर सायडरची कृती ऐकवतो. ज्यांनी हे नाव ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगते, की तिखट आणि उग्र वासाची मुळे व कंद सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये तीन-चार आठवडे मुरवून गाळायचे आणि त्यात मध घालून थंडीच्या दिवसांत चमचाभर घ्यायचे, असा हा प्रकार आहे. यंदा शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून मी तो पहिल्यांदाच केला.

एक लिटरच्या काचेच्या बरणीत अर्धी वाटी किसलेले आले, अर्धी वाटी किसलेले हॉर्सरॅडिश, एक मध्यम कांदा, लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून, दोन हालापेन्यो मिरच्या, एका लिंबाची साल व रस, चमचाभर हळद, थोडे मिरे आणि रोझमेरीच्या दोन काड्या घातल्या, आणि वरून पाच टक्के आम्लतेचे व्हिनेगर बरणी भरेपर्यंत ओतले. आज आठवा दिवस आहे. सकाळी बरणी हलवायला घेतली तर लसणाच्या पाकळ्या मोरचुदासारख्या निळ्या-हिरव्या झालेल्या दिसल्या. शिवाय कांद्याचे काही तुकडे व्हिनेगरच्या वर तरंगत आहेत. बुरशीचा वास येत नाही. यजमानांनी बरणी मोरीत ओतायची तयारी केली होती, त्यांना मी कसेबसे थांबवून ठेवले आहे. ठेवावी की टाकावी?

निवृत्त मास्तर (९ नोव्हेंबर)

टाकू नका. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आयांनी अधिक वेळा विचारला. लसूण ठेचला की त्यातील ॲलिनेज नावाचे विकर (एन्झाइम) मोकळे होते आणि पाकळीतील गंधकयुक्त घटकांवर काम करू लागते. त्यातून जी संयुगे तयार होतात, त्यांची लसणातल्याच अमिनो आम्लांशी गाठ पडली आणि सभोवती आम्ल असले, की निळी-हिरवी रंगद्रव्ये बनतात. बरेच दिवस शीतगृहात राहिलेल्या लसणात हा प्रकार जास्त दिसतो, कारण थंडीत त्या गंधकयुक्त घटकांचे प्रमाण वाढते. ताज्या गावठी लसणात तो सहसा होत नाही.

उत्तर चीनमध्ये तर हा रंग मुद्दाम आणतात. त्यांच्या पंचांगातील बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी, ज्याला ते लाबा म्हणतात, लसूण व्हिनेगरमध्ये घालतात आणि तो पाचूसारखा हिरवा झाला म्हणजे साधला असे मानतात. पुढे नववर्षाच्या दिवशी उकडलेल्या डंपलिंगबरोबर तो खातात. तुमच्या यजमानांना हे सांगून पाहा.

तरंगणाऱ्या कांद्याची बाब मात्र वेगळी आहे. तिच्याविषयी लोणची घालणाऱ्या कोणीतरी बोलावे.

लोणचेवाली (९ नोव्हेंबर)

मी बोलते. रंगाची काळजी सोडा आणि कांद्याची करा. आपण लिंबाचे किंवा कैरीचे लोणचे घालताना फोडी खाराखाली बुडालेल्या असाव्यात असा आग्रह धरतो, तो उगीच नाही. जो तुकडा हवेत डोके काढतो त्याच्यावर पांढरी बुरशी येते आणि तिथून ती पसरते. आजच्या आज स्वच्छ, कोरड्या चमच्याने सगळे खाली दाबा, आणखी व्हिनेगर घालून पातळी फोडींच्या वर दोन बोटे येऊ द्या आणि वर छोटी काचेची वाटी किंवा तबकडी वजन म्हणून ठेवा. रोज एकदा बरणी हलवली तरी चालते, पण परगावी जाल तेव्हा वजनच उपयोगी पडते.

दुसरे म्हणजे झाकण. बरणीला पत्र्याचे झाकण असेल तर व्हिनेगरची वाफ ते आठ-दहा दिवसांत गंजवते आणि गंजाचे पाणी आत ठिबकते. झाकणाखाली बटर पेपरचा तुकडा घाला. माझ्याकडे आजीची चिनीमातीची बरणी आहे. तिला झाकण लावून वरून दादरा बांधला की आतल्या कशाचाही धातूशी संबंध येत नाही.

पेठेतली पाकोळी (१० नोव्हेंबर)

मी पुण्यात राहते आणि मला हे करून पाहायचे आहे, परंतु हॉर्सरॅडिश येथे ताजे मिळत नाही. एका ओळखीच्या बाईंनी सांगितले, की शेवग्याच्या झाडाला इंग्रजीत हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात, तेव्हा शेवग्याचे मूळ किसून घातले तरी तेच होईल. आमच्या सोसायटीत शेवगा आहे. मूळ खणून घेऊ का?

निवृत्त मास्तर (१० नोव्हेंबर)

कृपया घेऊ नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या साहेबांना आपले हॉर्सरॅडिश मिळेना, म्हणून त्यांनी शेवग्याचे मूळ किसून भाजलेल्या मांसाबरोबर खाल्ले आणि झाडाला ते नाव पडले. चवीचे साम्य खरे आहे, परंतु दोन्ही वनस्पती वेगवेगळ्या कुळांतील आहेत. शेवग्याच्या मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत, विषारी अल्कलॉइडे असतात. शेंगा, पाला आणि फुले खुशाल खावीत, मूळ झाडाखाली राहू द्यावे.

लोणचेवाली (१० नोव्हेंबर)

पाकोळीताई, तुमच्या घरात याहून सोपा उपाय आहे आणि तो म्हणजे मोहरी. हॉर्सरॅडिशची झणझण आणि फेसलेल्या मोहरीची झणझण नाकात एकाच वाटेने चढते. मास्तर कारण सांगतीलच, मी कृती सांगते. तीन मोठे चमचे काळी मोहरी कोरडी दळायची, त्यात गार पाणी थोडे थोडे घालून खलात किंवा मिक्सरमध्ये फेसायची आणि वास डोळ्यांत चढेपर्यंत थांबायचे. त्यानंतरच व्हिनेगर घालायचे. लोणच्याची मोहरी फेसताना लिंबाचा रस आधी घातला तर ती कडवट आणि मिळमिळीत होते, हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊक असते. इथेही तेच लागू आहे. जोडीला पांढऱ्या मुळ्याचा कीस घातला तरी चालेल, पण मुळ्याला फार पाणी सुटते.

निवृत्त मास्तर (१० नोव्हेंबर)

कारण असे, की हॉर्सरॅडिश आणि काळी मोहरी या दोन्हींत सिनिग्रिन नावाचे संयुग असते आणि त्याच्यापासून अलग कप्प्यात मायरोसिनेज नावाचे विकर असते. पेशी फुटल्या आणि पाणी मिळाले, की दोघांची भेट होऊन ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. नाकाला झोंबते ते हेच. आम्ल पडले की विकराचे काम मंदावते, म्हणून व्हिनेगर केव्हा घातले यावर तिखटपणा ठरतो. बाभूळताई, पुढच्या वेळी हॉर्सरॅडिश किसल्यावर दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्या आणि मग व्हिनेगर ओता. किसताना खिडकी उघडी ठेवा.

फ्रँकोनियातून (१० नोव्हेंबर)

मी न्यूरेम्बर्गजवळ राहतो. येथून थोड्या अंतरावर बायर्सडॉर्फ नावाचे गाव आहे, तेथे हॉर्सरॅडिशचे चक्क संग्रहालय आहे आणि बाजारात डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका मुळे विकत असत, अशी चित्रे त्यात लावलेली आहेत. स्थानिक बोलीत याला क्रेन म्हणतात. येथील लोक ते सॉसेजबरोबर आणि उकडलेल्या मांसाबरोबर खातात. सर्दीसाठी मधात मिसळून घेण्याचीही जुनी पद्धत आहे. व्हिनेगरमध्ये कांदा-लसणाबरोबर महिनाभर मुरवण्याची कल्पना मात्र मी सांगितली तेव्हा शेजाऱ्यांना ती अमेरिकी वाटली.

पेठेतली पाकोळी (११ नोव्हेंबर)

आभारी आहे, मोहरीच वापरीन. एक शंका राहते. परदेशी दुकानांच्या संकेतस्थळांवर फायर सायडर या नावाच्या तयार बाटल्या दिसतात. मग हे एखाद्या कंपनीचे उत्पादन आहे की घरगुती कृती?

बर्फातली बाभूळ (११ नोव्हेंबर)

हा प्रश्न आमच्या भागातच कोर्टापर्यंत गेला होता, म्हणून सविस्तर लिहिते. रोझमेरी ग्लॅडस्टार या अमेरिकी वनौषधितज्ज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियात सोनोमा परगण्यात वनौषधींची शाळा काढली होती. तिच्या स्वयंपाकघरात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काळात, ही कृती आणि हे नाव आकाराला आले. त्यांनी ते पुस्तकांत छापले, वर्गांत शिकवले आणि कोणीही करावे, विकावे असे मोकळे सोडले. पुढे त्या व्हरमाँटमध्ये राहायला आल्या. २०१२ मध्ये पिट्सफील्ड येथील एका छोट्या कंपनीने फायर सायडर हे शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले आणि इतर विक्रेत्यांना हे नाव वापरणे अवघड होऊन बसले. वनौषधी विकणाऱ्यांनी सह्यांची मोहीम काढली, बहिष्कार घातला. तीन स्त्रियांवर खटला भरला गेला, पण त्या मागे हटल्या नाहीत. अखेर २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डच्या फेडरल कोर्टाने निर्णय दिला, की हे एका प्रकारच्या पेयाचे सामान्य नाव आहे, ते कोणा एकाचे चिन्ह होऊ शकत नाही.

पुरणपोळी या शब्दावर एखाद्या हलवायाने मालकी सांगावी तसाच हा प्रकार होता, असे मला वाटते. आमच्या शेजारच्या आजी त्या निकालाच्या दिवशी बरणी घेऊन घरोघर फिरल्या होत्या.

शुंठी (१२ नोव्हेंबर)

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि अकरा वर्षे चिकित्सा करते. व्हिनेगर आणि मध एकत्र करण्याची कल्पना अमेरिकेत जन्मली असे कोणी समजू नये. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य ऑक्सिमेल देत असत, म्हणजे आंबट आणि मध यांचे मिश्रण. फारसीत त्याचे सिकंजबीन झाले, सिरका आणि अंगबीन म्हणजे मध, आणि युनानी हकिमांबरोबर ते भारतात आले. उत्तरेकडची शिकंजी याच शब्दाची लेक मानली जाते. आपल्या ग्रंथांत शुक्त नावाचे आंबवलेले द्रव्य आहे. ते उष्ण, तीक्ष्ण आणि पित्त वाढवणारे सांगितले आहे.

माझा आक्षेप पुढील गोष्टीवर आहे. कफाच्या प्रकृतीच्या माणसाला, थंड हवेत, जेवणानंतर चमचाभर हे पेय सोसेल. ज्याला मुळातच आम्लपित्त आहे, घशाशी येते, तोंड येते, त्याला लसूण, मिरची, मोहरी आणि व्हिनेगर यांची ही चौकडी सर्दीपेक्षा अधिक त्रास देईल. माझ्याकडे गेल्या हिवाळ्यात असे दोन रुग्ण आले होते आणि दोघेही रिकाम्या पोटी घेत होते. मध हा पेय गाळून झाल्यावर, ते थंड असतानाच घालावा. तो तापवू नये, हे चरकाने सांगितले आहे. कित्येक लोक पेय पटकन तयार व्हावे म्हणून सगळे एकत्र उकळतात, तेही टाळावे.

गोळीवाला (१२ नोव्हेंबर)

मी औषधविक्रेता आहे. शुंठीताईंशी अनेकदा माझे पटत नाही, पण आज पटले. त्यात थोडी भर घालतो, कारण काउंटरवर मला रोज विचारले जाते की याने सर्दी जाते का.

सर्दी घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि हे पेय त्यांतील कोणालाही मारते असे म्हणायला आधार नाही. घटकांबद्दल थोडेफार हाती आहे. लसणाच्या बाबतीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी लोक नेहमी पुढे करतात. तीत १४६ जणांना बारा आठवडे ॲलिसिन या लसणातील घटकाच्या गोळ्या किंवा खोट्या गोळ्या दिल्या आणि गोळ्या घेणाऱ्यांत २४ सर्द्या, तर इतरांत ६५ सर्द्या नोंदल्या गेल्या. आकडे छान दिसतात, परंतु वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारी तेवढी एकच चाचणी सापडली, आणि एकाच चाचणीवर निष्कर्ष काढता येत नाही असे त्यांनी लिहिले. शिवाय ती गोळी होती, व्हिनेगरमध्ये मुरलेला लसूण नव्हता. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, यासाठी पुरावा बरा आहे. हळदीविषयी फार अपेक्षा ठेवू नये, कारण तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये जवळजवळ विरघळत नाही. बरणीत दिसते तो बव्हंशी तळाला बसणारा गाळ असतो. मिरची आणि हॉर्सरॅडिश नाक वाहते करतात, थोडा वेळ मोकळे वाटते, घाम येतो. तेवढ्यासाठी घेणाऱ्याने खुशाल घ्यावे.

आता कोणी घेऊ नये किंवा विचारून घ्यावे ते सांगतो. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये, कारण मधात बॉट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचे आतडे ते थोपवू शकत नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, लघवी वाढवणारी औषधे, हृदयासाठीचे डिगॉक्सिन किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगावे. मधुमेहामुळे ज्यांचे जठर मंद झाले आहे त्यांच्यात व्हिनेगरने ते आणखी मंद होते, असे स्वीडनमधील एका छोट्या अभ्यासात २००७ मध्ये आढळले. ऑस्ट्रियात एका अठ्ठावीस वर्षांच्या बाईने सहा वर्षे रोज पाव लिटर सफरचंदाचे व्हिनेगर प्यायले, तेव्हा तिच्या रक्तातले पोटॅशियम घसरले आणि हाडे ठिसूळ झाली. चमचाभराने असे होत नाही, पण चमचाभराचे पेलाभर व्हायला वेळ लागत नाही.

दातांचे म्हणाल तर पंधरा मिलिलीटर पेय पेलाभर पाण्यात घ्यावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ पडलेले दातांवरचे कवच ब्रशने खरवडले जाते.

माडाखाली (१३ नोव्हेंबर)

मी गोव्यातल्या बार्देशातून लिहितो. आमच्याकडे माडाच्या सुरेचे व्हिनेगर घरोघरी असते आणि सोरपोतेल, रेशादचा मसाला त्याच्याशिवाय होत नाही. सफरचंदाचे व्हिनेगर येथे महाग पडते. आमच्या घरच्या व्हिनेगरमध्ये हे पेय केले तर चालेल का? चवीला ते सौम्य आणि किंचित गोडसर असते.

निवृत्त मास्तर (१३ नोव्हेंबर)

चवीला उत्तमच लागेल, परंतु सौम्य या शब्दापाशी मी अडखळतो. हिशेब मांडू. एक लिटरच्या बरणीत सुमारे सहाशे मिलिलीटर व्हिनेगर आणि चारशे ग्रॅम कांदा, आले वगैरे मावते असे धरा. त्या भाज्यांत ढोबळमानाने ८५ टक्के पाणी, म्हणजे ३४० मिलिलीटर. आठवड्याभरात ते पाणी आणि व्हिनेगर एकजीव होतात. पाच टक्क्यांचे व्हिनेगर घेतले तर शेवटी ॲसेटिक आम्ल ३.२ टक्क्यांच्या आसपास उरते. चार टक्क्यांचे घेतले तर अडीच टक्के. दोन्हींत सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.६ च्या पुष्कळ खाली राहतो, आणि ४.६ हीच बॉट्युलिनम जंतूची वाढ थांबवणारी सीमा आहे. म्हणून व्हिनेगरमधील लसूण सुरक्षित असतो आणि तेलातला नसतो. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे खोलीच्या तापमानात ठेवलेल्या, तेलातल्या ठेचलेल्या लसणामुळे कितीतरी लोकांना विषबाधा झाली होती. ते उदाहरण अजून शिकवले जाते.

भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिनेगरला किमान पावणेचार टक्के आम्लतेची अट आहे. घरच्या व्हिनेगरला कोणतीच अट नसते. सुरा नीट आंबली असेल तर ते चार-पाच टक्क्यांपर्यंत जाते, अर्धवट आंबली असेल तर दोनवरच अडते, आणि जिभेला हा फरक नेहमी कळतोच असे नाही. तुम्ही सामू मोजायच्या कागदी पट्ट्या आणा, किंवा बरणीत भाज्या निम्म्याने कमी करा आणि गाळल्यानंतर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. पाणी घालून व्हिनेगर वाढवण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये.

माडाखाली (१३ नोव्हेंबर)

पट्ट्या मागवतो. मात्र आमच्या आजीने हा हिशेब ऐकला असता तर तिने मास्तरांना आधी सोरपोतेल वाढले असते आणि मग आकडे विचारले असते.

लोणचेवाली (१४ नोव्हेंबर)

गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याविषयी कोणीच लिहिले नाही. तो फेकू नये. मी फडक्यात घट्ट पिळून घेते आणि त्यात भाजलेले तीळ, गूळ व मीठ घालून चटणी वाटते. ती ज्वारीच्या भाकरीबरोबर आंबट-तिखट लागते. कांदा शिजलेला नसतो, त्यामुळे चार-पाच दिवसांत संपवावी.

बर्फातली बाभूळ (३० नोव्हेंबर)

काल, बरोबर चार आठवड्यांनी, बरणी गाळली. मास्तरांचे वाचून सामूची पट्टी आणली होती. ती तीनच्या रंगावर थांबली. लसूण शेवटपर्यंत निळाच राहिला, यजमानांनी त्याचे छायाचित्र काढून चुलतभावाला पाठवले. साडेपाचशे मिलिलीटरच्या आसपास पेय निघाले. त्यात पाव वाटी मध ढवळला आणि दोन बाटल्या भरून त्यांवर तारीख लिहिली. पेय गाळल्यानंतर मध घातल्यामुळे ते फेसाळले नाही. शेजारच्या आजी सुरुवातीलाच घालतात आणि त्यांच्या बरणीतून बुडबुडे येत असतात.

चव मला स्वतःला प्यायला फार उग्र वाटते. पण एक शोध लागला. मटकीच्या उसळीवर आणि कोशिंबिरीवर लिंबाऐवजी हे चमचाभर शिंपडले तर फार छान लागते, आणि घरात ते औषध म्हणून कमी व असे अधिक संपते आहे. चोथ्याची चटणी केली. तिळांऐवजी शेंगदाण्याचे कूट घातले, कारण तीळ संपले होते.

पेठेतली पाकोळी (३० नोव्हेंबर)

माझी बरणी आज सुरू झाली. मोहरी फेसल्यावर मिक्सरचे झाकण उघडले तेव्हा डोळ्यांतून पाणी आले आणि सासूबाई बाहेरच्या खोलीतून शिंकल्या. व्हिनेगर घालायची वेळ झाली हे त्यावरूनच समजले.